बायकांचं फुल बॉडी चेकअप: बहात्तर टेस्टच्या पॅकेजमध्ये जे नसतं ते आधी करा

गेल्या दिवाळीत आमच्या फॅमिली ग्रुपवर एका लॅबची जाहिरात फिरत होती, बहात्तर टेस्ट, घरी येऊन रक्त नेणार, महिलांसाठी स्पेशल ऑफर. जाऊबाईंनी लगेच बुक केलं, माझंही करून टाकलं. सकाळी साडेसहाला मुलगा आला, तीन-चार नळ्या रक्त घेऊन गेला आणि संध्याकाळी अठरा पानांचा रंगीत रिपोर्ट मोबाईलवर हजर. वाचता वाचता लक्षात आलं की यात माझं बीपी नाही, वजन नाही, छाती कुणी तपासली नाही, पॅप (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) नाही, तोंड उघडून कुणी बघितलं नाही. बहात्तरमधले वीसेक आकडे तर एकाच सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या साध्या टेस्टचे, सुटे सुटे मोजून टेस्टचा आकडा फुगवलेला. आपल्याकडे बायकांना जे दोन कॅन्सर सगळ्यात जास्त होतात, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या तोंडाचा, त्यांच्याबद्दल त्या अठरा पानांत एक ओळ नव्हती, कारण ते असल्या रक्ततपासणीत सापडतच नाहीत.

तेव्हापासून मी माझी, जाऊबाईंची आणि आईची तपासणी नीट क्रमाने लावली. मी डॉक्टर नाही, पण चार ठिकाणी रांगा लावून, चार डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे कळलं ते लिहितेय. तुमच्या डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका.

आधी एक गोष्ट क्लिअर करू

हे सगळं ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यासाठी आहे. छातीत गाठ लागतेय, संबंधानंतर रक्त जातंय, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा एक थेंब जरी डाग लागला, अंगावरून वास येणारं पाणी जातंय, तोंडात तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे, विनाकारण वजन उतरतंय, यातलं काहीही असेल तर चेकअपची ऑफर शोधत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा आणि त्रास काय आहे ते सांगा. त्रास असताना नुसती पॅप नॉर्मल आली म्हणून घरी बसायचं नसतं.

पहिलं काम: एक वही आणि दोन फोन

टेस्ट बुक करायच्या आधी अर्धा तास बसून वहीत लिहा. शेवटची पाळी कधी, रक्तस्राव किती दिवस, बाळंतपणं किती, गरोदरपणात शुगर किंवा बीपी वाढलं होतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि मिश्री, तंबाखू, गुटखा काही आहे का. हो, मिश्री पण तंबाखूच आहे, दात घासायला लावतात म्हणून ती वेगळी होत नाही. आमच्याकडे निम्म्या जुन्या बायका डॉक्टरांना तंबाखू नाही असं सांगतात आणि कमरेला मिश्रीची डबी असते.

मग दोन फोन, एक आईकडच्या कुणाला, एक वडिलांकडच्या आत्याला किंवा काकूला. विचारायचं काय, तर घरात कुणाला छातीचा, अंडाशयाचा, आतड्याचा कॅन्सर झाला होता का आणि कितव्या वर्षी. वडिलांकडची बाजू लोक सोडून देतात, पण छातीच्या कॅन्सरचा दोषी जीन तिकडूनही येतो. आई किंवा बहिणीला बेचाळिसाव्या वर्षी निघाला असेल तर तुमच्या तपासण्या साधारण दहा वर्षं आधी, म्हणजे बत्तिशीपासून सुरू करायचा विचार डॉक्टर करतात. गरोदरपणात शुगर वाढली असेल तर बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन टेस्ट करायची असते आणि पुढे आयुष्यभर दर एक ते तीन वर्षांनी शुगर बघायची असते. बाळाच्या गडबडीत हे शंभर टक्के राहून जातं, माझंही राहिलं.

आणि पिशवी काढली असेल तर ऑपरेशनचे कागद शोधा. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये खूप आल्या होत्या, पण शहरातसुद्धा चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायका प्रत्येक बिल्डिंगमध्ये सापडतील. कागदावर दोन गोष्टी बघायच्या, गर्भाशयाचं तोंड काढलं की ठेवलं, आणि अंडाशय काढले की ठेवले. तोंड ठेवलं असेल तर पॅप चालूच ठेवायची. तोंडही काढलंय आणि कारण कॅन्सर किंवा त्याच्या आधीची स्टेज नव्हतं, तर पॅपची गरज नाही. अंडाशय काढले असतील तर शरीराच्या हिशोबाने तुमची पाळी त्याच दिवशी गेली, म्हणजे हाडं आणि हार्ट यांची काळजी लवकर सुरू.

तारीख कशी धरायची

पाळीच्या हिशोबाने धरा. छातीची तपासणी पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात बरी पडते कारण तेव्हा छाती कमी दुखते आणि कमी गुठळ्या लागतात. पॅप दहाव्या ते विसाव्या दिवसात. म्हणजे दहावा दिवस धरला तर दोन्ही एकाच फेरीत होतं. पॅपच्या आधी दोन दिवस संबंध नको, योनीत ठेवायच्या गोळ्या-क्रीम नको, आतून धुणं नको. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे असेल तर त्या दिवशी काखेत डिओ, पावडर काही लावू नका, पावडरचे कण फिल्मवर ठिपक्यांसारखे दिसतात. साडी किंवा टॉप-सलवार घाला, वन पीस घालून गेलात तर सगळंच काढावं लागतं.

पॅप आणि एचपीव्ही: इथे सगळ्या अडतात

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ सगळा एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो आणि व्हायरस शिरल्यापासून कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढा मोठा वेळ मिळतो, म्हणून तर आधी पकडता येतो. आपल्याकडे तरी किती बायका करतात, तर एनएफएचएस-५ म्हणजे सरकारच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती.

माझं माहेर बार्शीकडचं, म्हणून हे मुद्दाम सांगते. तिथलं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात खेड्यापाड्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये छापून आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टमुळे त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरात आज जे गाईडलाईन बनतात त्यात आपल्या धाराशिवच्या बायकांचा हा आकडा धरला जातो आणि आपल्याच बायकांना त्याची कल्पना नाही, हे मला फार लागतं.

कुठली टेस्ट कधी, ते असं. २१ ते २९ मध्ये, संबंध सुरू झाले असतील तर दर तीन वर्षांनी पॅप. तिशीनंतर ६५ पर्यंत जमलं तर दर पाच वर्षांनी एचपीव्ही टेस्ट, नाहीतर दर तीन वर्षांनी पॅप. तेवढंही जमत नसेल तर जागतिक आरोग्य संघटना म्हणते तसं निदान ३५ व्या आणि ४५ व्या वर्षी एकेकदा एचपीव्ही. दरवर्षी पॅप करायची गरज नाही, कुणी पॅकेजमध्ये दरवर्षी टाकत असेल तर विचारा कशाला.

सरकारी दवाखान्यात बहुतेक वेळा व्हीआयए करतात, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते बघतात. स्वस्त आहे, रिझल्ट तिथल्या तिथे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात नर्स किंवा डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या बायकांनी ही तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, त्यामुळे सरकारी म्हणून नाक मुरडू नका. फक्त पाळी गेलेल्या बायकांना ही तितकी उपयोगी नाही, कारण बघायचा तो भाग वयानुसार आत सरकतो, त्यांनी एचपीव्ही किंवा पॅप मागून घ्यावी.

आता टेबलावर काय होतं ते, कारण भीती त्याचीच असते. मी पहिल्यांदा गेले ४१ व्या वर्षी, दोन बाळंतपणं होऊनही हातपाय गार पडले होते. आधी लघवीला जाऊन या. कमरेखालचे कपडे काढून टेबलावर पाय वर घेऊन झोपायचं, अंगावर चादर मागा, देतात. लेडी डॉक्टर हवी किंवा खोलीत नर्स हवी असं स्पष्ट सांगा, हा तुमचा हक्क आहे. बदकाच्या चोचीसारखं एक साधन हळूच आत घालून उघडतात, छोट्या ब्रशने गर्भाशयाच्या तोंडावरून नमुना घेतात. दुखण्यापेक्षा दडपल्यासारखं वाटतं, दोन-तीन मिनिटांत संपतं. ढुंगण घट्ट धरलंत तर जास्त त्रास होतो, तोंडाने लांब श्वास सोडा. पाळी गेलेल्यांना कोरडेपणामुळे जरा दुखतं, डॉक्टरांना आधीच सांगितलं तर लहान साईझचं वापरतात. नंतर दिवसभर एखादा डाग लागू शकतो. एचपीव्हीचा नमुना काही ठिकाणी आपला आपणही घेता येतो, लाजेपायी अडलेल्या बायकांसाठी ते विचारून बघा.

लग्न न झालेल्या मुलींना दवाखान्यात वेगळ्याच नजरेने बघतात, हे आहे. पण डॉक्टरांना संबंधांबद्दल खरं सांगा आणि सोबत आलेल्या नातेवाईकांना बाहेर बसवा.

मुलीसाठी एचपीव्हीची लस, ९ ते १४ मध्ये सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ ते २६ मध्ये तीन. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आता मिळते. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी सुटत नाही.

छाती

महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने, बोटांच्या टोकाने नाही तर तीन बोटांच्या पोटाने, गळ्याच्या हाडापासून छातीच्या खालच्या घडीपर्यंत आणि काखेत, गोल गोल दाबत जायचं. मग आरशासमोर हात वर करून बघायचं, कातडीला खळी पडलीय का, संत्र्याच्या सालीसारखी झालीय का, बोंड नव्याने आत ओढलं गेलंय का, दाबल्याशिवाय रक्तासारखं पाणी येतंय का. यातून हेतू एवढाच की आपली छाती नेहमी कशी असते ते हाताला माहीत पाहिजे. बहुतेक गाठी साध्या निघतात, पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि आपल्या बायका दुखत नाही म्हणून वर्ष वर्ष थांबतात. नेमकं उलटं झालं पाहिजे.

तिशीनंतर डॉक्टर किंवा ट्रेनिंग घेतलेल्या नर्सच्या हाताने तपासणी. हाताच्या तपासणीला कमी समजू नका, मुंबईत टाटाच्या वीस वर्षांच्या अभ्यासात दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये छातीच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तो फरक दिसला नाही, तेही सांगायला हवं.

मॅमोग्राफी अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे ४० ते ७४ मध्ये दर दोन वर्षांनी. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात ती सरसकट नाही, पण परवडत असेल तर चाळिशीनंतर डॉक्टरांशी बोलून सुरू करा, कारण आपल्याकडे हा कॅन्सर पाश्चात्त्य बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर दिसतो. तरुण वयात छाती घट्ट असते, फिल्म पांढरी येते आणि गाठही पांढरीच दिसते, म्हणून सोबत सोनोग्राफी सांगतात. दोन प्लेटमध्ये छाती दाबतात, काही सेकंद चांगलंच दुखतं, खोटं कशाला सांगू. रिपोर्टवर बायरॅड्स नावाचा आकडा असतो. १ आणि २ म्हणजे घरी जा. ३ म्हणजे बहुतेक साधंच, सहा महिन्यांनी परत दाखवा. ४-५ म्हणजे सुईने तुकडा काढून बघायचा. ० आला की लोकांना वाटतं काही नाही, तसं नाहीये, ० म्हणजे फोटो अपुरा, अजून एक घ्यायचाय. जाऊबाई ० बघून पेढे वाटायच्या बेतात होत्या.

जुन्या फिल्म फेकू नका. पुढच्या वेळी डॉक्टर मागचं शेजारी ठेवून बघतात, त्यावरच निम्मं कळतं.

तोंड, बीपी, कंबर

तोंड पाच मिनिटांचं काम, डेंटिस्टकडे गेल्यावर गालाच्या आतून, जिभेच्या कडेने आणि जिभेखाली बघायला सांगा. मिश्रीवाल्यांनी तर नक्कीच.

बीपी मोजताना अर्धा तास आधी चहा नको, लघवी तुंबलेली नको, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, हात छातीच्या पातळीवर टेबलावर. जिना चढून आल्या आल्या घेतलेलं बीपी धरू नका. १४० वर ९० किंवा पुढे आलं तर दुसऱ्या दिवशी परत. कंबर बेंबीच्या पातळीला टेपने मोजा, बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की शुगर-हार्टचा धोका वाढतो. माझी किती आहे ते सांगणार नाही.

आता रक्त

एवढंच पुरे असतं: सीबीसी, उपाशीपोटी शुगर किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लघवीची साधी तपासणी. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची टेस्ट, सगळ्यांना दरवर्षी लागतेच असं नाही, पण पाळी बिघडलीय, मूल हवंय, थकवा किंवा घरात थायरॉईड असेल तर करा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर त्या सकाळी रक्त देऊन मग घ्या, आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद करा, त्याने आकडे खोटे येतात. शाकाहारी असाल किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ जोडा.

उपाशी म्हणजे आठ ते दहा तास, पाणी चालतं, चहाचा एक घोटही चालत नाही.

हिमोग्लोबिनवर जरा थांबा. एनएफएचएस-५ प्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ मधल्या ५४ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आहे, त्यामुळे १०.५ आलं की घरचे म्हणतात बायकांचं एवढंच असतं. नसतं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या वर हवं. कमी आलं तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) करा, पाळीत किती जातं ते डॉक्टरांना पॅडच्या हिशोबात सांगा, मूळव्याध असेल तर तेही. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. दोन-तीन महिने नीट गोळ्या खाऊनही वाढत नसेल तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा जन्मजात दोष, आहे का बघायला एचपीएलसी नावाची रक्ताची टेस्ट सांगतात. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली बाजूच्यांनी सिकलसेलची टेस्ट आयुष्यात एकदा, शक्यतो लग्नाआधी करून घ्या.

आणि एक भानगड, अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी जरा वाढीव येऊ शकतं. म्हणून ५.९ बघून लगेच डायबेटिसवाली झाले म्हणू नका, उपाशीपोटीची शुगर सोबत बघा. १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ काठावर, १२६ किंवा पुढे दोनदा आली तर डायबेटिस.

पैसे कशावर घालवू नका, तर सीए-१२५ आणि तसल्या ट्यूमर मार्करवर, म्हणजे रक्तातून कॅन्सर शोधायच्या टेस्टवर. त्रास नसलेल्या बाईत अंडाशयाचा कॅन्सर शोधायला सीए-१२५ चा उपयोग होत नाही, ब्रिटनमधल्या दोन लाख बायकांच्या अभ्यासात त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. पाळी, फायब्रॉईड, एंडोमेट्रिओसिस कशानेही तो वाढतो आणि मग महिनाभर झोप उडते. तसंच मॉलमध्ये टाचेवर मशीन लावून हाडं तपासतात ते सोडा. हाडांची खरी टेस्ट डेक्सा, कमरेची आणि खुब्याची, ६५ नंतर सगळ्यांना आणि पाळी लवकर गेलेली, स्टेरॉईड घेणारी, पडल्यावर पटकन हाड मोडलेली असेल तर त्याआधी. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस.

कुठे करायचं

गावात असाल तर आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा सीबॅक नावाचा फॉर्म भरते, स्कोअर चारच्या वर गेला की आधी तपासणीला पाठवते. आरोग्यवर्धिनीत, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपी, शुगर, तोंड, छाती आणि गर्भाशयाचं तोंड यांची तपासणी फुकट असते, पुढचं ग्रामीण रुग्णालयात किंवा सिव्हिलला. नवरात्रात २०२२ मध्ये ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ आणि २०२५ च्या सप्टेंबरात ‘स्वस्थ नारी’ अशा मोहिमा झाल्या, तशी काही लागली तर सोडू नका, पण जाताना विचारा की आत तपासणारी बाई आहे ना, नुसतं बीपी-शुगर करून फोटो काढून पाठवतात का. प्रायव्हेटमध्ये गेलात तर पॅकेज न घेता गायनॅककडे आधी जा, ती लिहील तेवढंच लॅबमध्ये करा. जुन्या टॅक्स पद्धतीत आरोग्यविम्याच्या वजावटीत चेकअपचे ५,००० पर्यंत धरता येतात, रोख दिले तरी चालतात, पावती ठेवा.

पॅपचा रिपोर्ट आल्यावर

एनआयएलएम म्हणजे नॉर्मल. इन्फ्लमेटरी म्हणजे सूज किंवा इन्फेक्शन, कॅन्सर नाही. अनसॅटिस्फॅक्टरी म्हणजे नमुना नीट आला नाही, दोन ते चार महिन्यांत परत. एस्कस, म्हणजे पेशी जरा शंकास्पद, आलं तर एचपीव्ही करून ठरवतात. एलसिल (पेशींत सौम्य बदल) किंवा एचसिल (जास्त बदल) आलं तर कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगाने बघून गरज वाटल्यास तुकडा घेणं, आणि हे पुढच्या पाळीनंतर बघू म्हणून ढकलायचं नाही. एचसिलसुद्धा अजून कॅन्सर नसतो, तेवढा भाग काढून टाकतात. या शब्दांवर कुणी सरळ पिशवी काढा म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका.

आईचं राहिलंच सांगायचं. नियम असा की आधीच्या दहा वर्षांत पॅप नॉर्मल आल्या असतील तर ६५ नंतर थांबता येतं. आई ६८ ची, ‘आता माझं काय राहिलंय तपासायला’ हेच चालू. पण तिची आयुष्यात एकदाही झालेली नव्हती, आणि जिची कधीच झाली नाही तिला ६५ ची सूट नाही. नेली. डॉक्टरांनी आठवडाभर आधी लावायला क्रीम दिलं, दोन दिवस आधी बंद करायला लावलं, पाच मिनिटांत झालं, रिपोर्ट नॉर्मल. बाहेर आल्यावर म्हणाली एवढंच होतं होय, आणि रिक्षात बसल्या बसल्या मावशीला फोन लावला.